सरवा

कोपऱ्यापासून सत्तेचाळीस ओळी,
मग आत एकशे ब्याण्णव पावलं.
आकडे वरून येतात, यंत्रानं डोळे मिटून काढलेले,
म्हणजे चांगलं ताट बघून
कुणाचा पाय तिकडे वळू नये.
मी मोजत मोजत मक्यात शिरते
आणि नेब्रास्का दिसेनासं होतं.

पानांना धार असते.
भर ऑगस्टात लांब बाह्या, वर खात्याचं जाकीट,
गळ्यातल्या ओळखपत्रावर
कुमुदिनी खांबेटे, स्पेलिंग चुकलेलं.
चार वर्षांत मीही तशीच सही करायला लागलेय.

पंधरा फूट टेप ताणायची,
दोन्ही टोकांना लाल फडकी.
ताटं मोजायची, कणसं मोजायची,
एक सोलून बघायचं
चीक आहे, की दूध,
की दाण्याला खळी पडली.
‘पीक बरं दिसतंय’ असं म्हणायला
फॉर्मवर जागा नाही.

माझे मामा तलाठी होते.
बांधाशी स्कूटर थांबवून, एक पाय टेकून,
इंजिन बंद न करता शिवारावर नजर टाकायचे
आणि म्हणायचे, बेचाळीस पैसे.
साऱ्या गावाला तेवढाच आकडा,
विहिरीवाल्यालाही आणि माळावरच्यालाही.
मामी विचारायची, आत जाऊन तरी बघितलंत का?
ते म्हणायचे, आत गेल्यावर काय दिसतं?

हे मला इथे, आठ फूट मक्यात उभं राहून
अधूनमधून पटतं.

महिन्यातून एकदा, तिकडे राजधानीत
पहाटेच एक मजला कुलूपबंद करतात.
फोन काढून घेतात, पडदे मोहोरबंद, दारात पहारा.
आत बेरीज चालते.
त्यांच्या बाराला, आमच्या अकराला,
आकडा सुटतो:
एकरी एकशे ब्याऐंशी पूर्णांक काहीतरी बुशेल.
त्या काहीतरीत कुठेतरी
माझी सत्तावीस कणसं.

त्या दिवशी भाव एकोणीस सेंटनं उतरला.
को-ऑपच्या काउंटरवर व्हर्लिन स्टूर म्हणाला,
पीक उत्तम आहे हे तूच कळवलंस ना?
मी म्हटलं, मी काही कळवलं नाही. मोजलं.
‘तेच ते,’ तो म्हणाला
आणि माझ्या कॉफीचेही पैसे देऊ लागला.
ते घ्यायची मला परवानगी नाही.

ऑक्टोबरात त्याचं हार्वेस्टर फिरून गेलं.
सत्तेचाळीस ओळी आता नुसते खुंट,
आणि चारही बाजूंनी क्षितिज, एकदम, अंगावर आल्यासारखं.
आता जे सांडलं ते मोजायचं:
निसटलेलं कणीस, मातीत दबलेला दाणा.
पिकातून ते वजा होतं.

इंग्रजीत या कामाला लांबलचक नाव आहे.
मला वाकल्याबरोबर आठवला तो शब्द ‘सरवा’.
आमच्याकडे खळं उठल्यावर
भागीरथी आणि तिच्या दोन मुली यायच्या, ओच्यात वेचायच्या,
आणि मामा दुसरीकडे बघायचे.
ते धान्य कुठल्याही पैसेवारीत नव्हतं.

मी गुडघ्यांवर, तासाला ठरलेल्या दरानं,
सरकारच्या कागदी पिशवीत दाणे टाकते.
व्हर्लिन पिकअपला टेकून बघत असतो.
किती निघाले?
सांगता येत नाही.
माझ्याच रानातले, मलाही नाही?
तुलाही नाही.

तो हसतो. मग खाली वाकून
बुटाशी पडलेला एक दाणा उचलतो,
माझ्याकडे बघत दाताखाली धरतो.
तो जिथे उभा आहे
ती जागा फडक्यांच्या बाहेर आहे, बहुतेक.
मी टेप पुन्हा ताणून बघत नाही.